हातोडा गेला कुठे?

प्रश्न : जमिनीच्या दाव्यात साक्ष द्यायला आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलो. गीता नाही, हातोडा नाही, 'ऑर्डर ऑर्डर' नाही. आमचंच कोर्ट असं, की सिनेमावाले थापा मारतात?
— एक वाचक, कराड

उत्तर : कोर्ट तुमचंच खरं. हातोडा अमेरिकेतल्या न्यायाधीशांचा. आपली कोर्टकचेरी इंग्रजांकडून आली आणि हातोडा इंग्लंडच्या न्यायाधीशांकडेही नसतो. हॉलिवूड पाहून तो आपल्या पडद्यावर आला असावा.

गीतेची गोष्ट निराळी. कंपनी सरकारच्या कोर्टांत कुराणावर, गंगाजलावर शपथा होत. १८४० च्या कायद्याने त्याऐवजी हिंदू-मुसलमान साक्षीदारांना साधी प्रतिज्ञा लावून दिली. आज १९६९ चा शपथ कायदा लागू आहे. साक्षीदाराने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा त्याऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, निवड त्याची. ग्रंथाची गरजच नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय हे उमगत नसेल, पण खरं बोलायचं एवढं कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेविनाही चालते.

पण सिनेमा खरा चुकतो तो आवाजात. पडद्यावर खटला जिंकला जातो तो भाषणाने. तुमची सरतपासणी मात्र प्रतिज्ञापत्रावरच उरकली असेल. दिवाणी दाव्यांत २००२ पासून तीच रीत आहे. उलटतपासणीत तुम्ही बोलत होता तेव्हा न्यायाधीश काय करत होते, आठवा. तुमचं उत्तर ऐकून ते आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगत असणार. तुम्ही बांधाचा सगळा इतिहास सांगितला असेल, कागदावर दोन ओळी उतरल्या असतील. अपिलात जातो तो हाच कागद. म्हणून मुरलेल्या वकिलाचा एक कान साक्षीदाराकडे आणि दुसरा त्या सांगण्याकडे असतो.

हे नेमकं टिपलं चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या 'कोर्ट' सिनेमाने. वीरा साथीदार यांनी साकारलेल्या लोकशाहिरावरचा खटला तिथे पुकारे, तारखा आणि लघुलेखकाला सांगितलेल्या वाक्यांतून रखडत पुढे सरकतो. कोणी टेबल आपटत नाही, तरी अंगावर येतो. 'दामिनी'तल्या तारखांच्या संवादाला टाळ्या पडतात. इथे तारीख पडते आणि माणसं पिशव्या उचलून घरी जातात. मला हीच तारीख जास्त खरी वाटते.

आता पडद्यावरच्या न्यायाधीशांना 'दफा ३०२' सोडावी लागेल. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं.

आणि सगळ्यात फिल्मी वाटतं ते मात्र खरं. फाशीची शिक्षा लिहिल्यावर पेनाचं निब मोडायची प्रथा आपल्याकडे आहे. कायद्यात तिचा उल्लेख नाही. शिवाय सत्र न्यायालयाची ती शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, म्हणजे निब मोडलं तरी खटला संपलेला नसतो.