जुन्या प्रती केव्हा पुसाव्यात?

बँकेची खाती, रुग्णालयातील नोंदी, ग्रंथालयाची सूची ही सर्व माहिती संगणकाच्या डेटाबेसमध्ये साठविलेली असते. यंत्र बिघडल्यास ती नष्ट होऊ नये, म्हणून तिची प्रत, म्हणजेच बॅकअप, रोज निराळ्या जागी काढून ठेवतात. अशा प्रती साचत गेल्या की जागा अपुरी पडते व जुन्या पुसणे भाग पडते. ‘आजोबा-वडील-मुलगा’ असे घरगुती नाव मिळालेल्या पद्धतीत ७ दैनिक, ४ साप्ताहिक व १२ मासिक प्रती राखल्या, तर अवघ्या २३ प्रतींत वर्षभर मागे जाता येते.

परंतु केवळ वय पाहून प्रत पुसणे घातक होय. सात दिवसांहून जुनी प्रत पुसण्याची आज्ञा यंत्राला दिलेली असली आणि नव्या प्रती निघणे थांबले, तरी पुसण्याचे काम चालूच राहते. आठवड्याभरात एकही प्रत उरत नाही. नव्या प्रती नकळत थांबू शकतात, हे भय काल्पनिक नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा असे आढळले की, प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे नियमित प्रती निघतच नव्हत्या, आणि तसे कळविणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. एका तंत्रज्ञाने अन्य कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली प्रत तेवढी उपयोगी पडली. मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

यास्तव नवी प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून नोंदी जुळतात अशी खात्री पटल्यावरच जुनी पुसावी. केवळ रोजचे फेरबदल टिपणाऱ्या छोट्या प्रती ठेवल्या असतील, तर त्यांना आधारभूत असलेली पूर्ण प्रत आधी पुसता येत नाही. तिच्यावाचून त्या निरुपयोगी ठरतात.