सशाची नखं घरी कापायची तर खर्च किती?

पाळीव सशाची नखं महिना-दीड महिन्याने कापावी लागतात. माती उकरायला मिळाली तर ती झिजतात. घरातल्या गुळगुळीत फरशीवर मात्र वाढून वळतात, सतरंजीत अडकतात आणि मुळापासून उपटली जातात.

मांजरासाठीचं छोटं नेलकटर साधारण 150 ते 300 रुपयांत येतं आणि वर्षानुवर्षं चालतं. माणसांच्या नेलकटरने सशाचं नख दबून चिरतं, तेव्हा इथे काटकसर नको. रक्त थांबवायला कॉर्नफ्लोअर पुरतं. पाकीट वीस-तीस रुपयांचं. जुना टॉवेल घरात असतोच.

खाजगी डॉक्टरांकडे जाणार असाल, तर तपासणी फी आणि नखं कापण्याचे पैसे वेगळे का, हे फोनवरच विचारा. ‘ससे पाहता का?’ हेही विचाराच, कारण बहुतेकांचा हात गाई-बकऱ्या नि कुत्र्यांवर बसलेला असतो. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्थेचं चिकित्सालय आहे, अमरावतीत शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना. सरकारी ठिकाणी केसपेपर स्वस्तात होतो. माझं म्हणणं, पहिल्या खेपेला पैसे मोजा, पण डॉक्टरांचा हात नीट पाहून घ्या. पुढे घरीच जमतं.

घरी दोघं लागतात. एकाने ससा टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरायचा, मागच्या भागाला खालून आधार द्यायचा. कान धरून उचलू नका, उताणा पाडू नका. घाबरलेला ससा मागचे पाय इतक्या जोराने झाडतो की स्वतःचाच मणका मोडून घेतो, आणि त्या दुखण्यावर कितीही पैसे ओतले तरी पाय परत येतीलच असं नाही.

दुसऱ्याने एकेक पंजा बाहेर काढायचा. पुढे पाच-पाच, मागे चार-चार अशी 18 नखं. पुढच्या पायाचं आतलं, वर चढलेलं नख केसांत लपतं. तेच हमखास राहून जातं. पांढऱ्या नखात गुलाबी रक्तवाहिनी सरळ दिसते, काळ्यात मोबाइलचा टॉर्च मागून धरा. तिच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच कापा. ससा धापा टाकू लागला की थांबा, उरलेली उद्या.

रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर लावून दाबून धरा. दहा मिनिटांत थांबलं नाही, नख मुळातून निघालं किंवा टाचेला जखम दिसली तर दवाखाना गाठा. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी लवकर निघा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात, ऑटोतल्या बंद खोक्यात ससा उष्माघाताने दगावू शकतो.