घारापुरी : लेणे आणि गाव

काशी आणि घारापुरी ही दोन्ही शिवस्थाने असली, तरी त्यांचा इतिहास परस्परविरुद्ध दिशांनी गेलेला आहे. काशीत विश्वेश्वराचे मंदिर वारंवार पाडले गेले. सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधविले. तेथे वास्तू बदलल्या, पण उपासनेची परंपरा टिकली. घारापुरीस नेमके उलट घडले. तेथील मंदिर डोंगराच्या पोटातच कोरलेले असल्यामुळे ते जागचे हलले नाही. खंड पडला तो नित्य उपासनेत.

मुंबईच्या अपोलो बंदरापासून सुमारे १० किलोमीटर पूर्वेस हे छोटे बेट आहे. तेथील मुख्य लेणे सर्वसाधारणपणे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरले गेले असे मानतात. गाभाऱ्यात लिंग असून दक्षिणेकडील भिंतीत सुप्रसिद्ध त्रिमुख सदाशिवाची भव्य मूर्ती आहे. पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपांचेही अवशेष आहेत.

हे लेणे कोणी कोरविले? याचे उत्तर देऊ शकणारा शिलालेख पोर्तुगिजांनी काढून स्वदेशी पाठविला व पुढे तो नाहीसा झाला, असे दिओगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकाराने नमूद केले आहे. त्यामुळे अभ्यासकांना मूर्तींची शैली व बेटावर सापडलेली नाणी यांवरच विसंबावे लागते. कलचुरी राजा कृष्णराज याच्या नाण्यांवरून हे काम त्या काळचे असावे, असे अनेक विद्वान मानतात.

१५३४ मध्ये हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे आला. धक्क्याजवळील दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. त्यांच्या अमदानीत मूर्तींची बरीच हानी झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६४ मध्ये भग्न हत्तीचे तुकडे मुंबईस आणण्यात आले. ते जुळवून उभारलेला हत्ती आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ पाहावयास मिळतो. म्हणजे ज्याच्यावरून बेटाला नाव मिळाले तो हत्तीच आता बेटावर नाही!

आज घारापुरी रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. १९८५ मध्ये राज्य शासनाने संपूर्ण बेट व किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर केला. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

परंतु हे बेट केवळ स्मारक नव्हे. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे आहेत व त्यांची ग्रामपंचायतही आहे. जगाने लेण्यांचे मोल मान्य केल्यानंतर तब्बल ३१ वर्षांनी, २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या तारेने या वस्त्यांत नियमित वीज पोहोचली. दगड जतन करावयाचा, तर बांधकामांवर निर्बंध हवेत, हे खरे. परंतु त्या निर्बंधांचा भार ज्यांच्यावर पडतो, त्यांच्या गरजांचा विचारही जतनाचाच भाग होय. महाशिवरात्रीस येथे जत्रा भरते. त्या दिवशी पाहणारे भाविक होतात, आणि स्मारक पुन्हा देवस्थान होते.