संकेतस्थळाचें प्रथमदर्शन व आपला माल

आपल्या बीड जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी बंधु हल्लीं आपला माल दलालाच्या हातीं न देतां परस्पर गिऱ्हाइकास विकूं लागले आहेत. त्यांपैकीं कांहींनीं स्वतःचीं संकेतस्थळेंही काढलीं आहेत. ज्यानें आपला सातबारा मोबाईलवर पाहिला आहे त्यास संकेतस्थळ म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. परंतु उतारा पाहणें वेगळें आणि आपल्या मालाचें पान लोकांपुढें मांडणें वेगळें. उतारा ज्यास हवा तो कितीही त्रास झाला तरी शोधून काढतो. आपलें पान पाहणारा परका मनुष्य मात्र तसा बांधलेला नसतो. त्याच्या मनावर पहिल्या दृष्टिक्षेपांत जो ग्रह होतो त्यावर पुढचा व्यवहार पुष्कळसा अवलंबून असतो. हा ग्रह कसा होतो व तो अनुकूल व्हावा म्हणून काय करावें, याचा विचार ह्या लेखांत केला आहे.

आठवडी बाजारांतली गोष्ट घ्या. गिऱ्हाईक दहा डालींवरून नजर फिरवितें आणि एका डालीपाशीं थांबतें. कां थांबलें, हें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं. मग तें फळ हातांत घेतें, दाबून पाहतें, वास घेतें, भाव विचारतें. म्हणजे बाजारांत पहिली नजर चुकली तरी हात, नाक व जीभ तिची दुरुस्ती करतात. संकेतस्थळावर ही सोय नाहीं. तेथें सर्व कारभार एकट्या डोळ्याकडे असतो, आणि डोळा निकाल फार लवकर देतो.

किती लवकर देतो, याचा प्रयोग कॅनडांतील कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनीं करून त्याचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं लोकांस निरनिराळ्या संकेतस्थळांचीं पानें एका सेकंदाचा विसावा भाग इतकाच वेळ दाखविलीं व तीं कशीं वाटलीं हें विचारलें. तींच पानें अधिक वेळ दाखविल्यावरही लोकांचें मत बहुतांशीं तेंच राहिलें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००२ सालच्या एका पाहणींत २,६०० हून अधिक लोकांस संकेतस्थळांच्या विश्वासार्हतेविषयीं विचारलें होतें. त्यांच्या अभिप्रायांपैकीं सुमारे ४६ टक्क्यांत पानाच्या बाह्य स्वरूपाचा उल्लेख होता. मनुष्य शहाणा असो वा भोळा, परक्या दुकानाची परीक्षा तो प्रथम उंबरठ्यावरूनच करतो.

आतां आपल्या मालाकडे वळूं. बालाघाटच्या डोंगररांगांत, विशेषतः धारूर व अंबाजोगाईच्या बाजूस, सीताफळ पूर्वापार होत आलें आहे. अंबाजोगाई येथें ह्या फळाचें संशोधन केंद्रही आहे. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु ह्या फळाचा एक मोठा दोष आपण सर्व जाणतों. डोळे उघडल्यावर तोडलेलें फळ तीन-चार दिवसांत मऊ पडतें, आणि फार थंडींत ठेवल्यास त्याची साल काळी पडते. कापूस किंवा तूर भाव येईपर्यंत घरांत ठेवतां येते. सीताफळ ठेवतां येत नाहीं. म्हणून दलाल सांगेल त्या भावास तें द्यावें लागतें. शहरांतील गिऱ्हाईक आधीं बांधलेलें असेल तर मात्र तोडणीच त्याच्या मागणीप्रमाणें करतां येते. तेव्हां आपल्या पानावरून जो मनुष्य आल्या पावलीं परत गेला तो केवळ एक पाहणारा गेला असें नव्हे. त्या दिवशींच्या तोडणीचा एक भाग पुन्हा आडतीच्या वाटेला लागला असें समजावें.

प्रस्तुत लेखकाच्या भावकींतील एका तरुणानें असेंच एक संकेतस्थळ काढलें. पान मोठें देखणें होतें. वरतीं हिरव्यागार, टपोऱ्या फळांचें चित्र होतें. परंतु तें चित्र त्याच्या बागेंतलें नव्हतें, कोठून तरी उचललेलें होतें. पुण्याच्या एका गृहस्थांनीं तें पाहून बारा पेट्या मागविल्या. माल गेला. फळ गोड होतें, ताजें होतें, पण चित्रांतल्याहून लहान व सालीनें ओबडधोबड होतें. गृहस्थांनीं फोन करून एवढेंच विचारलें, “हीं फळें त्याच बागेंतलीं आहेत ना?” तरुणास उत्तर सुचलें नाहीं. त्यानें निम्मे पैसे परत केले. तरी ते गृहस्थ पुन्हा आले नाहींत. वास्तविक फळांत कांहीं खोट नव्हती. खोट चित्रांत होती. त्याच तरुणानें दुसऱ्या हंगामांत आपल्याच झाडाखालीं, तळहातावर फळ ठेवून व शेजारीं तराजू मांडून चित्र काढलें. त्यानंतर मागण्या थोड्या आल्या, पण “दाखविलें एक, पाठविलें दुसरें” अशी तक्रार आली नाहीं.

यावरून प्रथमदर्शनाचीं दोन कामें ध्यानांत येतील. पहिलें, गिऱ्हाइकास थांबविणें. दुसरें, पुढें काय मिळणार याचें वचन देणें. पहिलें साधून दुसरें मोडलें तर तें प्रथमदर्शन नसतें तरी बरें झालें असतें. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें हें खरें; पण जग एकदांच फसतें.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनाची झाली. रोज अर्जांचा ढीग पुढें येई. ज्या अर्जाच्या आरंभींच गांव, गट क्रमांक, अर्जदाराचें नांव व मागणी स्पष्ट असे तो चटकन हातीं घेतला जाई. ज्याच्या दोन पानांत नुसती हकीकत व मागणी शेवटच्या ओळींत, तो “सावकाश पाहूं” म्हणून बाजूला पडे. अर्जदाराचें म्हणणें खरें असूनही असें होई, हें कबूल केलें पाहिजे. संकेतस्थळाचें पहिलें पान हाही गिऱ्हाइकाकडे केलेला एक अर्जच आहे. त्यांत पुढील गोष्टी आरंभींच असाव्यात :

१. काय, कोणाचें व कोठलें. “धारूर तालुक्यांतील आमच्या बागेंतील सीताफळें” असें एक वाक्य मोठ्या अक्षरांत पुरें. “सुस्वागतम्” व हलतीं फुलें यांनीं कांहींच कळत नाहीं.

२. आपल्याच मालाचें चित्र. तें सकाळच्या उजेडांत काढावें. फळाचा आकार समजेल अशी एखादी ओळखीची वस्तु शेजारीं असावी व सरासरी वजन लिहावें.

३. भाव व हंगाम. पेटीचें वजन, भाव, पोहोचविण्याचा खर्च व माल कोणत्या महिन्यांत मिळेल हें स्पष्ट असावें. भाव लपविणारा दुकानदार महाग असणार, असाच समज होतो. हंगाम संपल्यावर “या वर्षीचा माल संपला” असें लिहावें. गतसालचा भाव तसाच राहिलेलें पान ओस पडलेल्या घरासारखें दिसतें.

४. नांव, पत्ता व फोन. धंदा म्हणून विक्री करणाऱ्या संकेतस्थळानें आपलें नांव, पत्ता व तक्रार कोणाकडे करावी हें द्यावें, असें २०२० सालचे ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम सांगतात. नियम नसता तरी ज्याचा पत्ता नाहीं त्यास आगाऊ पैसे कोण देईल?

५. पान हलकें असावें. जड चित्रांचें पान उघडण्यास वेळ लागतो. मोबाईलवर पान उघडण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास निम्म्याहून अधिक लोक तें सोडून जातात, असें गुगल कंपनीनें २०१६ सालीं प्रसिद्ध केलें होतें. चित्रें लहान करून घालावीत व पान मोबाईलवर नीट दिसतें कीं नाहीं तें पाहावें. तसेंच संकेतस्थळाचें सुरक्षा प्रमाणपत्र घेतलेलें असावें. नाहींतर पत्त्याच्या ओळींतच “सुरक्षित नाहीं” अशी सूचना उमटते, आणि तीच प्रथम वाचली जाते.

मानांकनाविषयीं एक इशारा द्यावासा वाटतो. बीड जिल्ह्यांत बाग असली म्हणजे मानांकनाचें चिन्ह पानावर लावण्याचा हक्क आपोआप मिळतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. १९९९ च्या कायद्याप्रमाणें त्यासाठीं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद केली असेल तर तें चिन्ह अवश्य पहिल्या पानावर लावावें. केली नसेल तर आधीं नोंद करावी.

शेवटीं एक सोपी कसोटी. आपलें पान उघडून मोबाईल एखाद्या परक्या माणसाच्या हातीं द्यावा, पांच अंक मोजावेत व परत घ्यावा. मग त्यास तीन प्रश्न विचारावेत : येथें काय विकतात? तें कोण विकतो? घ्यावयाचें तर काय करावें? तिन्हींचीं उत्तरें आलीं तर पान उतरलें. एकही अडलें तर पान दुरुस्त करावें. माणसास दोष देऊं नये. ही कसोटी घरच्या माणसांवर लावूं नये, कारण त्यांस सर्व आधींच ठाऊक असतें.

सीताफळाचे हे नियम मोसंबी, केशर आंबा, डाळी किंवा गूळ यांसही लागू आहेत. शितावरून भाताची परीक्षा करणारें गिऱ्हाईक बदलणार नाहीं. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, वरचें शीत आणि तळचा भात एकाच पातेल्यांतला असावा. हंगाम सुरू होण्यापूर्वीं ज्यांचीं संकेतस्थळें आहेत त्यांनीं ही कसोटी एकदां करून पाहावी.