यंत्राच्या आधारावरील बालक आणि मेंदूची राखण

भूम तालुक्यातील ईटसारख्या गावी एखादे बालक तापाने बेशुद्ध पडले, तर अतिदक्षता विभाग गाठेपर्यंत मोलाचा वेळ जातो. तेथे श्वसनयंत्र त्याचा श्वास चालविते आणि पडद्यावर नाडीचे व प्राणवायूचे आकडे उमटू लागतात. नातेवाइकांना हायसे वाटते. परंतु मेंदूचे काय चालले आहे, हे केवळ त्या आकड्यांवरून कळत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरच्या त्याच नावाच्या वस्तीतील रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रास आढळला. २००३ साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात मेंदूज्वराने शेकडो बालके आजारी पडली, तेव्हा त्यामागे हाच विषाणू असल्याचे दिसून आले. अनेक बालके दाखल झाल्यापासून एका दिवसाच्या आतच दगावली.

बालकाचा मेंदू अत्यंत खर्चिक अवयव होय. पाचव्या वर्षाच्या सुमारास शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा तो एकटा वापरतो. म्हणूनच प्राणवायू किंवा रक्तातील साखर थोडा वेळ कमी पडली तरी त्याची हानी होते. श्वसनयंत्राचीही एक खुबी ध्यानी घ्यावी. श्वास अधिक वेगाने दिल्यास रक्तातील कर्बवायू घटून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. फार मंद दिल्यास त्या फुगून कवटीतील दाब वाढतो. जीव वाचविणारे यंत्रही असे तोलूनच चालवावे लागते.

मेंदूची राखण प्रथम परिचारिकेच्या हातातील विजेरीने होते. बाहुल्या सारख्या आहेत काय, उजेडाने आकसतात काय, हे ती तासातासाला पाहते. १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी डोळे, बोलणे व हालचाल यांना गुण देऊन शुद्धी मोजण्याची रीत घालून दिली. तीन हा नीचांक, पंधरा हा उच्चांक. परंतु घशात नळी असलेले मूल बोलणार कसे? झोपेची व स्नायू शिथिल करणारी औषधे चालू असता तर आकडी आली तरी हातपाय हलत नाहीत. अशी अदृश्य आकडी केवळ मेंदूच्या विद्युत् आलेखातच सापडते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत निसर्गानेच खिडकी ठेवली आहे: टाळूवरून ध्वनिलहरींच्या साहाय्याने आतील रक्तस्राव पाहता येतो. आपल्या आज्या टाळू फुगली की खोल गेली, हे हाताने पाहत, ते निरर्थक नव्हते.

ही साधने गावात नसली, तरी राखणीचा आरंभ गावातच होतो. आकडी आल्यास मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात चमचा वा पाणी घालू नये, कांदा किंवा जोडा हुंगविण्यात वेळ दवडू नये. आकडी केव्हा सुरू झाली व किती मिनिटे टिकली, हे घड्याळात पाहून लिहून ठेवावे. पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास ती तातडीची बाब समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्रामपंचायतीने हा क्रमांक शाळेच्या व अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घेण्यास खर्च तो किती!

घरी परतलेले मूल बरे दिसते. पुढे वर्गात ते पाढे विसरते, चटकन चिडते, फळ्यावरचे उतरवून घेताना मागे पडते. शिक्षकाने त्यास आळशी ठरविण्यापूर्वी आजाराची चौकशी करावी आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल तेव्हा त्याचे नाव आवर्जून पुढे करावे.