इकॉलॉजी म्हणजे घराचा अभ्यास



‘इकॉलॉजी’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांनी १८६६ मध्ये घडवला. ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर. मराठीत परिस्थितिकी, म्हणजे सजीवांचे एकमेकांशी व परिसराशी असलेले नाते. ते फक्त जंगलात नसते, आपल्या घरातही असते.

नळ रोज येत नाही, म्हणून आपण ड्रम भरून ठेवतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यातला कूलर पावसाळ्यातही पाण्यासकट पडून राहतो. त्याच स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. मग लोक म्हणतात, ‘वस्ती घाण, म्हणून डेंग्यू.’ हे खरे नाही.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. भांडी रिकामी करून कडा घासा, कारण अंडी कडेलाच चिकटतात. पाणी ओतणे परवडत नसेल तर ड्रमला कापड घट्ट बांधा. आणि रोजच्या पाण्याची मागणी एकजुटीने करा. तोही डेंग्यूवरचा उपायच आहे.