दुसऱ्या गिनीपिगची परवानगी



घरात एक गिनीपिग असताना दुसरा मागणे हे पहिला मागण्यापेक्षा अवघड असते. पहिल्या वेळी आईवडिलांना फारसे काही ठाऊक नसते. दुसऱ्या वेळी सगळे ठाऊक असते. पिंजऱ्याचा वास, हॉलभर उडालेला भुसा, सहामाहीच्या आठवड्यात साफसफाई कोणी केली आणि दिवाळीत गावी जाताना शेजारच्या काकूंची मनधरणी कोणाला करावी लागली, हे सारे त्यांच्या लक्षात असते. म्हणून या मागणीचा निकाल बहुतेक वेळा ती तोंडातून निघण्याआधीच लागलेला असतो, आणि तो लागतो पहिल्या प्राण्याच्या पिंजऱ्याकडे पाहून.

मागायचे काय, हे आधी पक्के हवे. मुलांची इच्छा गिनीपिगवरून पोपटावर आणि पोपटावरून कासवावर सहज उडी मारते. आपल्याकडचा हिरवा कंठवाला पोपट आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव या दोघांनाही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. ते घरात पाळणे गुन्हा आहे. आजीच्या माहेरी पडवीत मिठू टांगलेला असायचा, हे खरे असले तरी त्याने कायदा बदलत नाही. दुकानाच्या काचपेटीत पोहणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले परदेशी कासव ही आणखी फसवी गोष्ट. विकताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडेच मोठे असते, पण पुढे मादी ताटाएवढी होते आणि तीस वर्षे जगू शकते. त्याला ऊन देणारा खास दिवा लागतो, पाणी गाळणारे यंत्र लागते. अशा पिल्लांमुळे मुलांना साल्मोनेलाची लागण होते म्हणून अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कंटाळलेले लोक ही कासवे जवळच्या तळ्यात सोडून देतात आणि तिथल्या मूळच्या कासवांची जागा ती बळकावतात. या मागणीला आईवडील नाही म्हणत असतील, तर ते बरोबर आहेत.

दुसऱ्या गिनीपिगची बाजू मात्र खरोखर भक्कम आहे, कारण ती मुलाच्या हौशीवर उभी नाही. हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. तो कळपाने राहणारा आहे. त्याच्या आवाजांची भाषाच मुळी दुसऱ्या गिनीपिगसाठी आहे. फ्रिजचे दार उघडताच निघणारी उंच शीळ तो माणसासाठी राखून ठेवतो, एवढाच काय तो अपवाद. स्वित्झर्लंडने 2008 साली नियमच केला की गिनीपिग एकटा ठेवायचा नाही, निदान जोडी हवी. जोडीतला एक मेला की मागे राहिलेल्याला सोबत म्हणून गिनीपिग उसना देणाऱ्या सोयीही तिथे निघाल्या. ससा ही सोबत होऊ शकत नाही. त्याच्या लाथेने इजा होते, आणि त्याला स्वतःला न बाधणारे काही जंतू गिनीपिगच्या फुप्फुसांना घातक ठरतात.

आईवडिलांचा पहिला आणि रास्त आक्षेप असतो तो संख्येचा: आज दोन, उद्या दहा. याला ‘नाही गं होणार’ हे उत्तर पुरत नाही. मादी चार ते सहा आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते, नर तर तीन आठवड्यांचा झाला की आईपासून वेगळा करावा लागतो. गर्भकाळ साधारण 59 ते 72 दिवसांचा. पिल्ले जन्मतात तीच अंगावर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन. आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. उलट, सात-आठ महिन्यांच्या वयापर्यंत एकदाही न व्यायलेल्या मादीच्या कटीची हाडे घट्ट सांधली जातात आणि त्यानंतरची पहिली खेप जिवावर बेतते. म्हणजे चूक झाली तर ती केवळ गर्दीची होत नाही. दुकानदार ‘दोन्ही माद्याच आहेत’ असे सांगतो त्यावर विसंबू नये; पशुवैद्याकडून लिंग तपासून घ्यावे. घरात मादी असेल तर दुसरी मादी किंवा खच्चीकरण झालेला नर आणावा. दुकानातूनच आणायचे असेल तर पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे त्या दुकानाची नोंदणी असायला हवी. तिचे प्रमाणपत्र मागायला लाजू नये. ज्यांच्याकडे नकळत पिल्ले झाली आहेत असे एखादे घर सापडले तर ते अधिक बरे.

दुसरा आक्षेप कामाचा. इथे हिशेब प्रामाणिक असावा. दोन प्राण्यांमुळे पिंजरा झाडण्याचे काम दुप्पट होत नाही, मात्र पिंजरा मोठा लागतो. जोडीसाठी निदान साडेसात चौरस फूट जागा धरतात आणि दुकानात मिळणारे बहुतेक पिंजरे त्याहून लहान असतात. दुप्पट होते ते गवत. गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात सुके गवत चघळून, त्यामुळे आहाराचा मोठा भाग गवतच असतो. गुरांसाठी मिळणारी लसूणघास स्वस्त पडते खरी, पण तिच्यात कॅल्शियम जास्त असल्याने ती वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीलाच द्यावी. एरवी मूतखड्याचा धोका असतो. माणसाप्रमाणेच या प्राण्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. पाकिटातल्या खाद्यातले हे जीवनसत्त्व दिवसागणिक कमी होत जाते, म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर असे ताजे काहीतरी लागते. ही भाजी कोण आणणार आणि सकाळी सातची शाळा असेल तेव्हा कोण चिरणार, याचे उत्तर ‘आई’ असेल, तर मागणी अजून तयार झालेली नाही.

काम आपणच करू, हे शब्दांनी पटवता येत नाही. निदान दोन महिने, एकही दिवस न चुकवता आणि कोणी आठवण न करता, पहिल्या गिनीपिगचे सगळे काम करावे. दर आठवड्याला त्याचे वजन करून वहीत लिहावे. स्वयंपाकघरातला काटा मात्र घेऊ नये, वेगळा आणावा. वजनाची ही वही वादात फार उपयोगी पडते, कारण तिच्यात विनवणी नसते, फक्त तारखा असतात.

खर्चाचा प्रश्न बहुधा वडील काढतात. रोजचा खर्च सांगता येतो, आजारपणाचा अंदाज बांधणे कठीण. गिनीपिग बारा तास काही खात नसेल तर ती तातडीची वेळ समजावी. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि तोही दगावू शकतो, म्हणून कुत्र्यामांजरांपुरता अनुभव असलेला वैद्य पुरत नाही. लहान प्राणी तपासणारा पशुवैद्य गावात कुठे आहे आणि त्याची फी किती, हे आधीच विचारून ठेवावे. वैशाखात खोलीचे तापमान तिशीच्या वर गेले की या प्राण्याला उष्माघाताची भीती असते. विदर्भातल्या घरात कूलरशिवाय भागत नाही. भाऊबीजेची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे गिनीपिगच्या नावाने बाजूला काढले, तर रक्कम छोटी असली तरी तिचे वजन मोठे असते.

विचारण्याची वेळही महत्त्वाची. पाहुण्यांसमोर, निकालाच्या दिवशी किंवा आजीला पुढे करून मिळवलेला होकार पहिल्याच भांडणात परत घेतला जातो. घरात कोणाला दमा असेल आणि गवताच्या धुळीने तो वाढत असेल, तर मात्र विषय तिथेच संपवावा. तिथे वही चालत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न आईवडील क्वचितच मोठ्याने विचारतात. गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. आठवीतल्या मुलीने आज आणलेला प्राणी ती पुण्याला वसतिगृहात गेल्यावरही घरात शीळ घालत असेल. शिवाय जोडीतला एक आधी जाणार, म्हणजे पुन्हा एकटेपणा आणि पुन्हा नवा प्राणी. ही साखळी कधी थांबायची? उत्तर आधी ठरवून लिहून द्यावे: मागे राहिलेला गिनीपिग दुसऱ्या एखाद्या जोडीच्या घरी द्यायचा, आणि ते घर मुलीने शोधायचे.

परवानगी मिळाल्यावर नवा प्राणी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा, म्हणजे आजार लपून येत नाही. पहिली भेट पिंजऱ्यात घडवू नये. ती दोघांनाही अनोळखी अशा जमिनीवर, मध्ये गवताचा मोठा ढीग टाकून घडवावी. खोक्याच्या लपणाला दोन दारे असावीत, नाहीतर एक आत कोंडला जातो. घुरघुर, पाठलाग, एकमेकांवर चढणे हे चालू द्यावे. त्यातून कोणाचे वरचढपण हे ठरत असते. दात वाजू लागले की जाडसर टॉवेल हाताशी ठेवावा, आणि रक्त दिसले तर त्यानेच दोघांना वेगळे करावे, उघड्या हाताने नाही.

— आत्या